लोक फसवतात तेव्हा काय करायचं? धर्मग्रामात दयेचं काम करणाऱ्या एका मुलीला उत्तर

पोरी, तुझा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यात घोळत राहिला, म्हणून जरा सविस्तरच लिहिते. तू म्हणतेस जानेवारीपासून तू तुमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे तुमच्या चर्चच्या हद्दीतल्या, विन्सेंट डी पॉल सोसायटीत (गरिबांना मदत करणारी आपली कॅथलिक संस्था) जायला लागलीस, दर महिन्याला वीस घरांत रेशनचं किट वाटायला जातेस आणि सहा महिन्यांत तीन गोष्टींनी तुझं मन उडालंय. एका घराने किटमधला तांदूळ आणि तेल विकलं हे तुला दुकानदाराने सांगितलं. एक आजी एकट्या राहतात, त्या अर्धंच दार उघडतात, पिशवी घेतात आणि दार लावून टाकतात. आणि मीटिंगमध्ये काही जण म्हणतात की जे मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला चर्चमध्ये, येत नाहीत त्यांना चर्चच्या पैशातून कशाला द्यायचं. तर ही दया नक्की करायची कशी आणि लोक फसवतात तेव्हा काय करायचं, असं तू विचारतेस.

मी वसईच्या पश्चिम पट्ट्यातली. सरकारी दवाखान्यात नर्स होते, आता रिटायर झाले. विन्सेंट डी पॉलमध्ये २७ वर्षं झाली, त्यामुळे जे सांगतेय ते लोकांच्या ओट्यावर बसून शिकलेलं आहे.

पहिली गोष्ट, ते किट थोडं बाजूला ठेव. मी वाटू नको म्हणत नाहीये, पण किट हे घरात जायचं निमित्त आहे आणि तुमच्याकडे ते निमित्तच मुख्य काम होऊन बसलंय असं मला तुझ्या लिहिण्यावरून वाटतं. ही सोसायटी सुरू कशी झाली ते बघ ना. १८३३ साली पॅरिसमध्ये, फ्रेडरिक ओझानाम नावाचा २० वर्षांचा पोरगा, कॉलेजात शिकणारा, तुझ्यापेक्षाही लहान. तिथे वादविवाद चालायचे त्यात कोणीतरी त्याला तोंडावर विचारलं की तुमच्या चर्चने पूर्वी खूप केलं असेल पण आज गरिबांसाठी तुम्ही काय करताय? ते त्याला लागलं. मग तो आणि त्याचे मित्र गेले सिस्टर रोझाली रांदू यांच्याकडे, त्या पॅरिसच्या मुफेतार नावाच्या अगदी गरीब वस्तीत वर्षानुवर्षं काम करत होत्या, आदल्याच वर्षी तिथे कॉलराची साथ येऊन गेली होती. सिस्टरने या पोरांच्या हातात पावाची आणि कोळशाची कुपनं दिली आणि त्यांना घरोघरी पाठवलं. कुपन काय, सिस्टर स्वतःही वाटू शकल्या असत्या. त्यांना या शिकलेल्या पोरांना त्या जिन्यावरून वर चढवायचं होतं, त्या खोल्यांत बसवायचं होतं. म्हणून आजही आपल्या कॉन्फरन्सचं, म्हणजे सोसायटीच्या गावोगावच्या गटाचं, मुख्य काम घरभेट हेच आहे, आणि तीही दोघांनी मिळून, एकट्याने नाही.

आता तू विचार कर, तुमचं किट वाटप किती वेळात होतं? एका घरी तीन मिनिटं? पाच? तेवढ्यात त्या घरातलं काय कळणार तुला, आणि त्या घराला तरी तू कोण हे काय कळणार.

मी नवीन होते तेव्हाची एक गोष्ट सांगते, अजून काल घडल्यासारखी वाटते. वाडीच्या टोकाला एक आजी राहायच्या, नवरा वारलेला, मुलगा होता पण त्याचं त्यालाच पुरत नव्हतं. मी आणि माझ्याबरोबरचे एक सिनियर मेंबर, आम्ही त्यांना अंकल म्हणायचो, पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो. आजींनी चुलीवर चहाचं आधण ठेवलं. मी बघितलं की दूध नाहीये, आजी मागच्या दाराने शेजारी गेल्या आणि वाटीत थोडं दूध घेऊन आल्या, पदराखाली झाकून. मला वाटलं अरे देवा यांच्याकडे काही नाही आणि आमच्यासाठी उसनं आणतायत, म्हणून मी पटकन म्हटलं, आजी नको नको चहा, आम्ही आत्ताच घेऊन आलोय. मला वाटलं मी त्यांना वाचवलं. आजी काही बोलल्या नाहीत, वाटी तशीच फळीवर ठेवली आणि मग आम्ही निघेपर्यंत नुसत्या हो नाही करत राहिल्या. बाहेर पडल्यावर अंकल मला काही रागावले नाहीत, फक्त दहा पावलं चालून थांबले, परत फिरले, दारात उभे राहून म्हणाले, आजी, खरं सांगू का, मला चहाची तल्लफ आलीय. मग बसलो. स्टीलच्या दोन कपांत चहा आला, एकाचा कान तुटलेला, तो अंकलनी स्वतःला घेतला. आणि मग आजी बोलायला लागल्या ते तासभर, तेव्हा कळलं की त्यांना तांदळापेक्षा डोळ्याच्या ऑपरेशनची गरज होती, मोतीबिंदू पिकला होता आणि त्या अंदाजाने चूल पेटवत होत्या. किट देऊन आलो असतो तर हे कधीच कळलं नसतं. मी नर्स असून माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण मी त्यांच्याकडे बघतच नव्हते, मी त्यांच्या गरिबीकडे बघत होते.

तेव्हापासून मी कोणाच्याही घरचा चहा नाकारत नाही. घेणाऱ्या माणसाला पण द्यायचं असतं. तो मान त्याच्याकडून काढून घेतला की मग आपण कितीही दिलं तरी त्याच्या पोटातच जातं, मनात नाही.

आता तुझ्या त्या दार लावणाऱ्या आजी. तुमच्या किटची पिशवी कशी असते? त्यावर सोसायटीचं नाव छापलेलं असतं का? आणि तुम्ही चार-पाच जण टी-शर्ट घालून, कोणीतरी मोबाईलवर फोटो काढत, भर संध्याकाळी सगळी आळी ओट्यावर बसलेली असताना जाता का? असं असेल तर त्या दार अर्धं उघडतात हेच खूप आहे. ज्या बाईने सगळं आयुष्य वाडीत राबून, पानाचे विडे बांधून, बाजारात भाजी विकून मुलं वाढवली तिला म्हातारपणी आळीसमोर पिशवी घ्यावी लागते, तिने अजून काय करायचं. तू असं कर, पुढच्या वेळी काहीच न घेता जा. एक मैत्रीण बरोबर घे, बस. आणि त्यांच्याकडे काहीतरी माग. खरंच माग. बॉटल मसाल्यात त्या काय काय घालतात विचार, किंवा सांग की माझी परीक्षा आहे, इंटरव्ह्यू आहे, माझ्यासाठी एक रोझरी म्हणाल का. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला दार पूर्ण उघडेल असं माझा अनुभव सांगतो, नाही उघडलं तरी जात राहायचं. आणि फोटो बंद करा. ग्रुपवर टाकायला, वार्षिक रिपोर्टला, देणगीदाराला दाखवायला, कशालाच नको. प्रभूने उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नको म्हटलंय आणि आपण ते तीनशे जणांच्या ग्रुपवर टाकतो, मला याचा फार त्रास होतो. आपल्या मीटिंगच्या शेवटी ती गुप्त झोळी फिरते ना, सगळ्यांनी मूठ मिटून आत हात घालायचा, कोणी शंभर टाकले कोणी पाच टाकले कोणी काहीच नाही, कोणाला कळत नाही. देणाऱ्याची लाज आपण एवढी जपतो तर घेणाऱ्याची का नाही जपायची?

तांदूळ विकणाऱ्या घराबद्दल. हो, लोक फसवतात. मला पण फसवलंय, एकदा औषधाची खोटी चिठ्ठी दाखवून, एकदा मुलीच्या फीसाठी म्हणून पैसे घेऊन दारूत घातले. राग येतो आणि येऊ दे, त्यात पाप नाही. पण राग आला म्हणून घराचं नाव यादीतून खोडलंस तर त्या दारुड्याला काही फरक पडत नाही, उपाशी राहतात त्याची बायको आणि पोरं. तू आधी हे बघ की तांदूळ विकला कशासाठी. कधी कधी घरात रेशनचा तांदूळ पुष्कळ असतो आणि गॅस नसतो, किंवा पोराला ताप असतो आणि औषधाला रोख पैसे नसतात, मग तांदूळच विकतात, आणि त्यात मला फसवणूक दिसत नाही, त्यांना काय पाहिजे ते आपण विचारलंच नाही हे दिसतं. आणि दारूसाठीच विकला असेल तर द्यायची पद्धत बदल. आम्ही एका घराचं किट बंद करून त्या बाईसाठी गावातल्या दुकानात महिन्याला ठराविक रकमेचं खातं लावून दिलं, ती स्वतः जाऊन तिला हवं ते आणते, कधी डाळ कधी अंडी कधी पोरीसाठी पॅड, नवऱ्याच्या हातात विकण्यासारखं एकदम काही येत नाही. आणि त्याच्यासाठी एएची (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांची) मीटिंग, घरच्यांसाठी अल-अनॉनची, अशा मीटिंगा बऱ्याच ठिकाणी चर्चच्या आवारातच भरतात, चौकशी कर. तो तीनदा सोडून चारदा प्यायला. आम्ही अजून जातोय.

एक मात्र फार जपून. घरात मारहाण होत असेल तर त्या बाईला सहन कर, क्रूस आहे तुझा, असं चुकूनही म्हणायचं नाही आणि तुझ्याबरोबर आलेल्या कोणी म्हटलं तर तिथल्या तिथे थांबवायचं. चर्च शिकवतं त्या दयेच्या १४ कृत्यांमध्ये अन्याय धीराने सोसणं हे एक आहे खरं, पण ते माझ्यावर झालेल्या अन्यायाबद्दल मी ठरवायचं असतं, दुसऱ्याला मार खायला सांगायला ते दिलेलं नाही. बाईला महिला हेल्पलाइनचा १८१ नंबर माहीत करून दे, मुलांचं काही असेल तर चाइल्डलाइनचा १०९८, तिला राहायला सुरक्षित जागा आहे का बघ आणि फादरांना किंवा सिस्टरांना लगेच सांग. मी सुरुवातीच्या काळात एका बाईला समजावून परत घरी पाठवलं होतं. पंधरा दिवसांत ती हात मोडून आमच्याच दवाखान्यात आली आणि पट्टी बांधायला मीच होते. त्याबद्दल मी कुमसार केलाय, म्हणजे फादरांपुढे पापाची कबुली दिलीय, तिची माफीही मागितलीय, तरी सांगताना अजून घशाशी येतं.

आता मिस्साला न येणाऱ्यांचं. हे प्रत्येक कॉन्फरन्समध्ये कोणीतरी म्हणतंच आणि म्हणणारी माणसं वाईट नसतात, त्यांनीही घाम गाळून दिलेला पैसा असतो. त्यांच्याशी भांडू नकोस. फक्त बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानातला २५ वा अध्याय मीटिंगच्या सुरुवातीला वाचायला काढ, आध्यात्मिक वाचन असतंच की आपलं. भुकेला होतो, तहानेला होतो, परका होतो, उघडा होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो. त्यात तो भुकेला कुठल्या धर्मग्रामाचा, रविवारी कुठे बसायचा, हे कुठेच नाही. (आपण शारीरिक दयेची ७ कृत्यं शिकतो त्यातलं मेलेल्यांना पुरणं हे या अध्यायात नाही, ते बायबलमधल्याच तोबितच्या पुस्तकातून आलंय, तो बिचारा परक्या देशात जिवावर उदार होऊन आपल्या लोकांची प्रेतं पुरायचा, वाच कधीतरी.) आणि व्यवहारातलंही सांगते, जो मिस्साला येत नाही तो का येत नाही हे पण आत जाऊन बसल्याशिवाय कळत नाही. एका घरी कळलं की आईला रविवारी घालायला धड साडी नव्हती. एका घरी कळलं की वीस वर्षांपूर्वी चर्चच्या एका पदाधिकाऱ्याने त्यांना वर्गणी थकली म्हणून चारचौघांत बोललं होतं आणि त्या दिवसापासून त्या घराने चर्चची पायरी चढली नाही.

आणि जे आपल्या धर्माचेच नाहीत? पूर्वेला आदिवासी पाड्यांवर जातो आम्ही, नालासोपाऱ्याच्या चाळींत यूपी-बिहारची माणसं आहेत त्यांच्याकडे जातो. तिथे माझा नियम सरळ आहे, तांदळाबरोबर प्रार्थना न्यायची नाही. पत्रक नाही, मेडल नाही, चर्चला या असं नाही. त्यांनी स्वतःहून म्हटलं की माझ्यासाठी देवाकडे मागा तर मागते, मनापासून. पण मदतीच्या बदल्यात काही अपेक्षा आहे असा वास जरी आला तरी ती दया राहत नाही, सौदा होतो.

एक गोष्ट मात्र तुझ्या प्रश्नात नाहीये आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. ज्यांच्या नावाने आपली सोसायटी आहे ते संत विन्सेंट डी पॉल स्वतः १६१७ साली फ्रान्समधल्या शातियों नावाच्या गावात फादर होते. एका रविवारी मिस्साच्या आधी त्यांना कळलं की गावाबाहेर एक अख्खं कुटुंब आजारी पडलंय, त्यांना बघायला कोणी नाही. त्यांनी प्रवचनात सांगितलं, आणि दुपारी ते स्वतः निघाले तर बघतात काय, रस्ताभर बायका, कोणी जाताहेत कोणी देऊन परत येताहेत, एवढं अन्न जमा झालं की ते घर खाऊन खाऊन किती खाणार, बाकीचं नासून जाणार आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा उपाशी. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की माया खूप आहे पण तिला वळण नाही, आणि मग त्यांनी बायकांना एकत्र करून पाळ्या लावून दिल्या. आता २०१८ चा जुलै आठव. वसई पाण्याखाली गेली, गाड्या बंद, मिठागराच्या वस्तीत माणसं अडकलेली, किती भागांत कितीतरी दिवस लाईट नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आमच्याकडे खिचडीचे टोप एवढे आले की वाटायला माणसं कमी पडली. आणि दहाव्या दिवशी? गाद्या कुजलेल्या, पोरांची वह्या-पुस्तकं लगदा झालेली, रेशनकार्डं भिजलेली, तेव्हा कोणी नव्हतं. आम्ही पण दमून घरी बसलो होतो. मग एका सिस्टरनी पाळ्या लावल्या, आठवड्याचा कुठला वार कोणाचा, कोण कोणत्या चार घरांना जबाबदार, आणि ते काम डिसेंबरपर्यंत चाललं.

मयताचं पण तसंच आहे. आपल्याकडे मयताला अख्खं गाव येतं, तिसऱ्या दिवशी येतं, महिन्याच्या मिस्साला येतं. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते घर एकटं पडतं. मी वहीत तारीख लिहून ठेवते आणि महिन्याच्या मिस्सानंतरच्या आठवड्यात जाते. काही बोलायचं नसतं. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं फक्त, बाकी सगळे नाव घ्यायला घाबरतात.

आणि गरीब म्हणजे फक्त चाळीतले असं धरून चालू नकोस. आपल्या गावांत मोठमोठे बंगले आहेत, मुलं कॅनडाला, गल्फला, आणि खाली हॉलमध्ये एक म्हातारा टीव्ही लावून बसलेला, आवाज पाहिजे म्हणून. त्यांना किट देऊन काय करणार. आजाऱ्यांना कम्युनियन नेणारे मेंबर त्यांच्याकडे जातात पण त्यांनाही पंधरा घरं करायची असतात. तुमच्या छोट्या समूहातल्या चार तरुणांनी अशी चार घरं वाटून घेतली, आठवड्याला अर्धा तास, मोबाईल बाजूला ठेवून, तर फार मोठं काम होईल. बरोबर घडी घातलेला पेपर ने आणि मोठ्याने वाच, मला तरी यापेक्षा सोपा उपाय सापडलेला नाही.

पैशाचं थोडक्यात सांगते. रोख शक्यतो नको. फी शाळेच्या ऑफिसात भर, औषधाचं बिल मेडिकलमध्ये दे, पावती घे. उसने म्हणून देऊ नको, फेडता आले नाहीत की ते घर तुला टाळायला लागतं आणि पैशाबरोबर माणूस पण जातो. सरकारी हक्काचं जे आहे ते आधी मिळवून द्यायचं, कारण आपली झोळी लहान आहे. विधवांना, अपंगांना, निराधारांना संजय गांधी निराधार योजना, ६५ च्या वर असतील तर श्रावणबाळ, ऑपरेशनला महात्मा फुले जन आरोग्य योजना. आणि धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात हे पेशंटला कोणी आपणहून सांगत नाही, तिथे सोशल वर्करला भेटून उत्पन्नाचा दाखला दाखवून मागावं लागतं. मागायला बरोबर कोणी असलं की काम होतं. आमच्या त्या आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन असंच झालं, एक पैसा लागला नाही, लागले माझे चार दिवस.

घरात ऐकलेलं घरातच राहू दे. मीटिंगमध्ये रिपोर्ट देताना काय मदत लागणार तेवढंच सांग, कोणाची मुलगी कोणाबरोबर गेली हे नको. धर्मग्रामात एक वाक्य बाहेर पडलं की रविवारपर्यंत सगळ्या बाकांवर पोचतं. आणि हे आपल्याला फार अवघड जातं, म्हणून बोलते, आपण पाड्यावर जाऊन परक्याचे पाय धुवू पण बांधावरून भांडण झालेल्या सख्ख्या भावाला मिस्सात शांतीच्या खुणेच्या वेळी हात जोडणार नाही. माझ्या स्वतःच्या घरात अकरा वर्षं हे होतं, विहिरीच्या वाटेवरून, दीराच्या घराशी बोलणं बंद. मी तेव्हा दर शनिवारी घरभेटीला जायची. शेवटी जाऊबाई आजारी पडल्या आणि मी नर्स आहे म्हणून पुतण्या बोलवायला आला, गेले, त्यांना अंघोळ घातली, केस विंचरले, आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही आणि दोघी रडत होतो. वाटेचा प्रश्न अजून सुटलेला नाही. येणं-जाणं सुरू आहे.

तू थकलीस असं लिहिलंयस. साहजिक आहे, वीस घरं कोणालाही झेपत नाहीत. तू आणि तुझी पार्टनर मिळून तीन घरं घ्या, जास्त नाही, बाकीची प्रेसिडेंटना सांगून वाटून द्या. वार ठरव, बाकी दिवशी फोन आला तरी खरंच इमर्जन्सी आहे का बघ. बायबलच्या गोष्टीतला तो दयाळू शोमरोनी पण वाटेत सापडलेल्या जखमी माणसाला धर्मशाळेत पोचवून, दोन दिनार देऊन, पुढच्या कामाला गेला, रात्रंदिवस उशाशी बसला नाही. पण जास्त खर्च झाला तर परत येताना देतो असं सांगून गेला, म्हणजे परत येणार होता.

तर आता तीन घरांतलं पहिलं ते तांदूळवालं घर घे. तुला परत जायला अवघड वाटेल, त्यांनाही तोंड दाखवायला वाटेल, दुकानदाराचं नाव काढू नकोस. बाईला विचार काय लागतं, आणि तिचं नाव रेशनकार्डावर आहे का, पोरांचे जन्मदाखले आहेत का एवढं बघ. नसतील तर कागद जमवून पुढच्या आठवड्यात तिला घेऊन तहसील ऑफिसला जा, सकाळी लवकर निघा म्हणजे लाईन कमी असते, सगळ्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो बरोबर ठेवा, आणि डबा घेऊन जा दोघींचा, दुपार होतेच तिथे.